हातचा

विश्वामित्री उतरली तेव्हा
पेपरात पाणी फुटांत होतं,
घोरपडे वहिनींच्या तोंडी फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत,
आणि माझ्या मागच्या दाराची चौकट
कसलंच माप न सांगता खालून कुजली होती.
बोट लावलं की भुसा.

दांडिया बाजारातून जसुभाई मिस्त्री आले.
सायकलच्या दांड्याला करवत बांधलेली,
आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला
सागवानी गज. चोवीस खाचा त्याच्यावर.
मी पाहत राहिले.
"आ तसू," ते म्हणाले, एका खाचेवर नख ठेवून,
जसं कुणी नातवाची ओळख करून द्यावी.

चौतीस वर्षं मी गणित शिकवलं.
शाळेत हेडमास्तरांना ठणकावलं होतं,
निकालाच्या बाबतीत मी तसूभरही हलणार नाही.
हललेही नाही.
पण तसू केवढा असतो, हे मला
त्या दिवशी कळलं, साठी उलटल्यावर,
चिखल खरवडलेल्या ओसरीत.

तीन गज, आठ तसू, जसुभाई म्हणाले.
मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं:
तीन चोक बारा... नाही, चोवीस त्रिक बाहत्तर, अधिक आठ, ऐंशी.
ऐंशी गुणिले पंचवीस पूर्णांक चार.
दोन हजार बत्तीस मिलिमीटर.
माझा आकडा सुंदर होता. खाली दोन रेघा मारल्या.

मग खोड जाईना म्हणून
ते चहा पीत असताना
शाळेच्या पेटीतली माझी स्टीलची टेप
त्यांच्या गजाला लावली.
सहाशे एक.
हवे होते सहाशे नऊ, वर थोडे.
पुन्हा लावली. सहाशे एक.
म्हणजे तीन गजांत पंचवीस-सव्वीस मिलिमीटर गायब,
म्हणजे, हिशोब स्वतःच हसला मला,
बरोबर एक तसू.

"जसुभाई, तुमचा गज खोटा आहे."

त्यांनी बशी खाली ठेवली.
राग नाही, लाज नाही.
गजाचं एक टोक दाखवलं, उघडं, गुळगुळीत.
इथे पितळेची टोपी होती. बापुजींच्या वेळच्या एका पुरात
ती गेली. गज तरंगत राहिला, सापडला.
"नवो केम नहीं बनाव्यो?"
माझं गुजराती अजून शाळेतल्यासारखंच.
त्यांनी उत्तर दिलं नाही. उठले,
गज चौकटीला लावला
आणि उघड्या टोकाशी
डाव्या हाताची करंगळी आडवी धरली,
वाळकी, तासणीने एकदा कापलेली,
लाकूड आणि उंबरा यांच्या मधोमध.
एक गज. करंगळी.
दुसरा. करंगळी.
तिसरा.

बापुजींची करंगळी जाड होती, ते म्हणाले,
म्हणून त्यांच्या हातचे दरवाजे
पावसाळ्यातसुद्धा अडत नाहीत.
माझे थोडे अडतात.

वर्गात मी किती वेळा म्हटलं असेन:
सात आणि आठ पंधरा, पाच लिहा,
हातचा एक.
मुलं बोटं उभी करून तो धरून ठेवायची,
पुढच्या घरात पोचेपर्यंत,
आणि तरी कुणी तो वाटेत सांडायचाच.
एक लालजी नावाचा मुलगा होता, तो विचारायचा,
बाई, हातचा कुणाच्या हातचा?
मी त्याला खाली बसवलं होतं.

चौकट चार दिवसांनी बसली.
मी टेप लावली. लावणार नव्हते, पण लावली.
दोन हजार बत्तीस.
जसुभाई पैसे मोजत होते,
माझ्याकडे बघितलंही नाही.

दार लावताना वर जरासं घासतं.
त्या पाठकोऱ्या कागदावर, दोन रेघांच्या खाली,
मी नंतर लिहून ठेवलं:
१ गज = ६०१ मिमी + करंगळी.
कुणाची, ते लिहायला जागा होती.
रिकामी ठेवली.